कुत्रा घरी, नवरा शिकवणीला

ताई, नवऱ्याचा शाळेतला मित्र कवठेमहांकाळजवळ शेतावर कुत्री शिकवतो. लोकांच्या पाळीव कुत्र्यांना वळण लावणं आणि राखणीची कुत्री तयार करणं हा त्याचा धंदा. शिवाय घरची दोन कारवान जातीची कुत्री आहेत. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी गाडीने तिकडे जायचं, असं ह्यांनी परस्पर ठरवलंय. सगळे म्हणजे आम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी, सासूबाई आणि अडीच वर्षांचा लॅब्रेडोर ब्रुनो. ब्रुनो फिरायला नेलं की माणसाला फरफटवतो, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या मारतो. 'मित्र दोन दिवसांत सरळ करून देईल, नाहीतर महिनाभर तिथेच ठेवू. कुत्र्याला मालक कोण ते दाखवावं लागतं,' असं ह्यांचं म्हणणं. मुलगी ब्रुनो सोडून बाकी सगळ्या कुत्र्यांना घाबरते. जूनमध्ये सोसायटीखाली एका कुत्र्याने तिचा फ्रॉक ओढला, तेव्हापासून. 'तिथे गेली की भीती आपोआप जाईल' म्हणे. मुलाला 'अटॅक' बघायचाय, आणि सशामागे कुत्री सोडून दाखवायचं बाबांनी कबूल केलंय. सासूबाईंना नरसोबाच्या वाडीला जायचंय. कुत्र्यांबद्दल त्या म्हणतात, 'दत्ताच्या पायाशी आहेत तेवढी पुरेत.' नको म्हटलं तर मीच वाईट. काय करू?
– वि., डोंबिवली

प्रिय वि.,

जा. शाळेतला मित्र, शेत, दिवाळीनंतरची हवा, एवढं जुळून येत असताना नको कशाला म्हणायचं? पण ब्रुनोला नेऊ नका, आणि मुलीची भीती घालवण्याचा कार्यक्रम ह्या सहलीतून काढून टाका. ह्या दोन अटी मान्य असतील तर बाकीचं सगळं निभावून नेण्यासारखं आहे.

आधी ब्रुनोचं बघू, कारण खरी गोम तिथे आहे. कुत्रा पट्टा का ओढतो? ओढलं की पुढे जायला मिळतं म्हणून. विजेच्या खांबापाशी त्याला पोचायचं असतं, तो ओढतो, मागून तुमचे यजमान फरफटत येतात आणि खांब मिळतो. रोज दोन वेळा, अडीच वर्षं हाच धडा गिरवून झालाय. तो पुसायचा म्हणजे पट्टा ताणला की माणसाने जागच्या जागी थांबायचं आणि सैल झाला की चालायचं. सांगायला सोपं आहे, पण घरातल्या प्रत्येकाने, प्रत्येक वेळी, कित्येक आठवडे हेच करावं लागतं. उड्यांचंही तसंच. ब्रुनोने उडी मारली की तुमचा मुलगा खिदळत त्याला ढकलत असणार. ब्रुनोच्या लेखी तो खेळ झाला. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर आले की मगच लाड, एवढं अकरा वर्षांच्या पोराला सहज जमेल. मोठ्या माणसांपेक्षा मुलं ह्यात तरबेज असतात, कारण ती मध्येच फोन बघत नाहीत.

आता मित्राकडे काय होईल ते सांगते. तो ब्रुनोचा पट्टा हातात घेईल आणि अर्ध्या तासात ब्रुनो त्याच्या बाजूने सालस पोरासारखा चालायला लागेल. तुम्ही सगळे टाळ्या वाजवाल. डोंबिवलीत परतल्यावर दुसऱ्या सकाळी ब्रुनो पुन्हा खांबाकडे. ह्यात मित्राची लबाडी नाही की ब्रुनोचा हट्ट नाही. 'ह्या माणसापाशी ओढून काही मिळत नाही' इतकंच तो तिथे शिकलेला असतो. महिनाभर ठेवलात तरी तुम्ही काही शिकला नसाल, तर फार फरक पडणार नाही.

म्हणून माझं म्हणणं, शिकवणी नवऱ्याची लावा. दोन सकाळी मित्राच्या एखाद्या शिकलेल्या कुत्र्याचा पट्टा ह्यांच्या हातात द्यायचा आणि मित्राने बाजूला उभं राहून चुका काढायच्या. 'बस' एकदा म्हणायचं की पाच वेळा, खाऊ कोणत्या क्षणी द्यायचा (कुत्रा बसला त्या क्षणी, खिसा चाचपत चार सेकंदांनी नव्हे), पट्टा मुठीला गुंडाळायचा की तळहातातून सोडायचा, हे सगळं शिकलेल्या कुत्र्यावरच नीट कळतं, कारण तिथे बिघडलं तर चूक कोणाची ते उघड असतं. ब्रुनोचे फिरतानाचे दोन-तीन व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. ते बघून मित्र नेमकं सांगू शकेल. आणि ह्याचे पैसे द्या. 'अरे मित्राकडून कसले घेतोस' असं तो म्हणेलच, तरी द्या. डॉक्टर मित्राला लग्नात गाठून रिपोर्ट दाखवणाऱ्यांबद्दल आपण काय बोलतो, ते आठवा.

'मालक कोण ते दाखवावं लागतं' हे वाक्य मात्र मला खटकलं. मूळ मित्राचं आहे की ह्यांचं स्वतःचं, ते पत्रातून कळलं नाही. ह्या समजुतीचं मूळ लांडग्यांमध्ये आहे. एकमेकांना अनोळखी असलेले लांडगे एकत्र कोंडून त्यांच्या मारामाऱ्या अभ्यासल्या गेल्या आणि कळपात म्हणे वरचढ व्हावंच लागतं असा निष्कर्ष निघाला. डेव्हिड मीच (Mech) ह्या अभ्यासकाने १९७० मध्ये ही कल्पना लोकांपर्यंत पोचवली आणि १९९९ मध्ये स्वतःच सांगितलं, की मोकळ्या रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. पण आपल्याकडे अजून कुत्र्याला उताणं पाडून 'वरचढ' होणारे आहेत. मित्र त्यातला आहे की नाही हे ओळखायला काही विचारायची गरज नाही. तो सकाळी कुत्र्यांकडे जाईल तेव्हा कुत्र्यांकडे बघा. ती त्याच्याकडे अंग सैल सोडून, कंबर हलवत धावत येतात, की कान पाडून, पोट जमिनीला लावून सरपटत येतात? दुसरा प्रकार दिसला तर ब्रुनोला तिथे कधीच ठेवू नका, आणि नवऱ्याची शिकवणीही रद्द.

ब्रुनोला घरी ठेवायची बाकी कारणं साधी आहेत. पाच माणसं, सामान आणि वर तीस-पस्तीस किलोचा लॅब्रेडोर एका गाडीत नीट मावत नाही, आणि मागच्या सीटवर मोकळा सोडलेला कुत्रा करकचून ब्रेक लागला की पुढच्यांच्या डोक्यावर येतो. जिथे दहा घरची कुत्री येतात-जातात तिथे गोचिड असतात आणि गोचिडतापाचा खर्च तुम्हाला माहीत असेल. पार्व्हो ह्या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू तर मातीत महिनोन्‌महिने टिकतो. चांगला शिकवणारा ब्रुनोचं लसीचं पुस्तक बघितल्याशिवाय त्याला आत घेणारच नाही. घेत असेल तर तेही काही सांगून जातं.

पण ऐन दिवाळीत ब्रुनोला बोर्डिंगमध्ये टाकून जाणंही बरोबर नाही. फटाक्यांत अनोळखी जागी कुत्रं हबकून जातं. भाऊबीज उरकून, आवाज थंडावल्यावर निघा. शाळांची सुट्टी तेव्हा संपलेली नसते. ज्याच्याशी ब्रुनोची ओळख आहे असा कोणी भाचा-पुतण्या तुमच्या घरी राहायला आला तर सर्वांत उत्तम.

आता धाकटीचं. घरात ब्रुनो आहे आणि तरी ती कुत्र्यांना घाबरते, ह्याचं तुमच्या घरात आश्चर्य वाटतंय. मला वाटत नाही. ब्रुनो तिच्यासाठी 'कुत्रा' नाहीच, तो ब्रुनो आहे. फ्रॉक ओढणारा तो कुत्रा. आधी एक विचारते. नुसता फ्रॉकच ओढला होता ना? अंगाला दात किंवा ओरखडा लागला नव्हता, हे कोणी कपडे काढून पाहिलं होतं का? रक्त आलं नसलं तरी त्वचेवर ओरखडा असेल तर रेबीजची लस घ्यावी लागते. शंका असेल तर इतक्या महिन्यांनीही डॉक्टरांना गाठा. सहलीचं नंतर.

नुसता फ्रॉकच असेल तर प्रश्न फक्त भीतीचा उरतो, आणि सहा वर्षांच्या मुलीची ती भीती अगदी शहाणपणाची आहे. भुंकणाऱ्या दहा कुत्र्यांमध्ये नेऊन उभं केल्याने ती जात नाही, घट्ट बसते. 'अगं, तो काही करत नाही' हे वाक्य त्या दोन दिवसांत कोणी उच्चारायचं नाही, असा घरात ठरावच करा. समस्त कुत्रेवाल्यांचं ते लाडकं वाक्य आहे, आणि समोरच्याची भीती मोजायचं कामच त्याने रद्द होऊन जातं. त्याऐवजी तिला विचारा, 'कुठून बघायचंय?' ती 'गच्चीवरून' म्हणाली तर गच्चीवरून. 'गाडीत बसून' म्हणाली तर काच अर्धी उघडी ठेवून गाडीतून, तुम्ही शेजारी. अंतर तिने ठरवायचं. सकाळी गच्चीवरून बघणारी मुलगी संध्याकाळी ओट्यावर येते, असं पुष्कळदा होतं. नाही आली तरी हरकत नाही, ती मित्राच्या घरी सहलीला आलीय.

तिला काम द्या. कुत्री बांधलेली असताना मित्राबरोबर पाण्याच्या पातेल्या भरायच्या, आज कोणाला कोणता पट्टा ते सांगायचं. एखादी म्हातारी, निवांत कुत्री असेल आणि मुलगी स्वतः होऊन म्हणाली, तर मित्राने पट्टा धरलेला असताना खांद्यावरून ब्रश फिरवायचा. खांदा किंवा छाती. डोक्यावरून हात नेला की बऱ्याच कुत्र्यांना तो हात वरून येणाऱ्या फटक्यासारखा वाटतो.

आणि निघण्याआधी दोन्ही मुलांकडून घरी एक गोष्ट घोटून घ्या. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, किंचाळायचं नाही, डोळ्याला डोळा लावायचा नाही. 'झाड' व्हायचं, म्हणजे हात छातीशी घडी, नजर स्वतःच्या पायांकडे, अगदी निश्चल. कुत्रा हुंगतो, कंटाळतो, निघून जातो. ब्रुनोसमोर सराव करा. तो उड्या मारतोच, तेव्हा सरावाला सामग्री घरातच आहे.

हे शिकणं त्या शेतावर जास्तच गरजेचं, कारण तिथे कारवान आहेत. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ ह्या भागात हे उंच, सडपातळ, लांब तोंडाचं कुत्रं धनगरांच्या वाड्यावर आणि शेतकऱ्यांच्या दारात वर्षानुवर्षं आहे. सीमेपलीकडे कर्नाटकात त्याला मुधोळ म्हणतात, आणि २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात ते होतं. थोरल्याला हे सांगा, त्याला आवडेल. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्याने जास्त शिकार करतं. दूरवर काही पळताना दिसलं की ते मागे सुटतं आणि तेव्हा मालकाची हाक त्याच्या कानात शिरत नाही. माणसाशी ते बहुधा शांत, थोडं तुटक असतं. पण मोकळ्या रानात फ्रॉक उडवत, किंचाळत पळणारी छोटी मुलगी आणि मोकळं सोडलेलं कारवान हे एका वेळी नको. मित्राला आधीच फोनवर सांगा: आम्ही असेपर्यंत कारवान पट्ट्याला, किंवा मुलं ओट्यावर. तो खरा जाणकार असेल तर ह्यात त्याला काही वावगं वाटणार नाही.

सशाचं तर नावच काढू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार हा गुन्हा आहे. आमच्या लहानपणी सगळे करायचे, हा काही बचाव होत नाही. 'अटॅक'चं म्हणाल तर राखणीच्या कुत्र्याला धरायला कसं शिकवतात, जाड बाही घातलेला माणूस, 'सोड' म्हटल्याबरोबर सुटणारी पकड, हे बघण्यासारखं असतं खरं. पण धाकटीसमोर नको, आणि थोरल्याने बघायचं तर कुंपणाबाहेरून. त्याला आधी 'सोड' बघू दे. ज्या कुत्र्याला 'सोड' येत नाही त्याला 'धर' शिकवणाऱ्याची मला भीती वाटते. आणि गंमत म्हणूनही 'छू' म्हणायचं नाही. गल्लीतल्या कुत्र्यांवर वापरून आपल्याला तो खेळ वाटतो, तिथे एखाद्याला तो खरा हुकूम असू शकतो. मित्राच्या कुत्र्यांना 'बस', 'थांब' असे परस्पर हुकूमही सोडू नयेत. दिवसभर पाच जण पाच सुरांत ओरडले तर त्याचं महिन्याचं काम बिघडतं.

शेपूट हलतेय म्हणजे कुत्रा खूश, हेही डोक्यातून काढा. ताठ वर धरलेली, भराभर हलणारी शेपूट आणि आखडलेलं अंग म्हणजे 'जवळ येऊ नका'. झोप आलेली नसताना जांभई, समोर खायला काही नसताना ओठ चाटणं, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत तिरकं बघणं ही कुत्र्याची 'पुरे' म्हणायची तऱ्हा. मित्राला विनंती करा, की मुलांना हे प्रत्यक्ष दाखव. दोन दिवसांतून एवढं जरी पोरं शिकली तरी डोंबिवलीच्या रस्त्यावर ते कामाला येईल.

फराळाचे डबे न्याल तेव्हा मुलांना बजावा की कुत्र्यांना काही टाकायचं नाही. मनुक्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, कांदा-लसूण आणि चॉकलेटही त्यांना घातक. चिवड्यात मनुके असतात हे पोरांच्या लक्षात राहत नाही.

आणि काळजी घेऊनही कोणाला चावा किंवा ओरखडा बसलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. चुना, हळद, मिरचीची पूड ह्यातलं काही भरू द्यायचं नाही, कोणी वडीलधारं कितीही आग्रह करो. मग थेट सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते आपणहून विचारा. कुत्र्याची लस झालीय, एवढ्यावर घरच्या घरी निकाल लावू नका.

सासूबाईंचा प्रश्न सर्वांत सोपा. कुत्र्यांना शिकवायचं काम पहाटे आणि संध्याकाळी चालतं, उन्हात कुत्री झोपतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं आटोपलं की त्यांना घेऊन वाडी गाठा. मिरजेवरून दीड तासाच्या आसपास लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, आणि संध्याकाळी परत. धाकटीलाही कुत्र्यांपासून अर्धा दिवस सुट्टी मिळेल. दत्ताच्या पायाशी चार आहेत, हे मात्र नातीला दाखवा. शेतावर त्यांच्या झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात कुत्रं शिरणार नाही, एवढा शब्द मित्राकडून आधीच घ्या.

रस्त्याचं एवढंच, की पहाटे पाचला निघा आणि उजेडात पोचा. तुम्ही जाल तेव्हा उसाचा हंगाम सुरू झालेला असेल किंवा तोंडावर असेल. कराडच्या पुढे, विशेषतः पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळल्यावर, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यात असतात. पुष्कळांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. अंधारात समोर अचानक उसाची भिंत उभी राहते.

एका माणसाबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. मित्राची बायको. दिवाळीच्या राबण्यातून ती जेमतेम मोकळी होत असेल, वर दहा कुत्र्यांचं खाणं शिजवणं बहुतेक तिच्याकडेच असेल, आणि आता पाच पाहुणे. दोन मित्रांनी फोनवर 'ये रे, ये रे' केलं म्हणून ते तिच्यापर्यंत पोचलंय असं समजू नका. तिला तुम्ही स्वतः फोन करा. 'आम्ही आलो तर चालेल का' नको, त्याला ती हो म्हणणारच. 'कोणते दोन दिवस तुम्हाला बरे पडतील आणि एक वेळचं जेवण मी काय करू' असं विचारा. लॉजवर उतरलात तर मित्र वर्षभर बोलणार नाही, तेव्हा तिथेच राहा, पण दोनच रात्री. मिठाई नेऊ नका, दिवाळीनंतर मिठाईला कोण विचारतं? तिला काय हवंय ते विचारून न्या. आणि घरातल्या जुन्या चादरी, टॉवेल, सतरंज्या धुऊन गाडीत टाका. कुत्री ठेवणाऱ्या घरी त्या कधीच पुरत नाहीत.

राहिलं 'मीच वाईट ठरणार'. तुम्ही नको म्हणतच नाही आहात. तुम्ही भाऊबीजेनंतरची तारीख सांगताय, ब्रुनोची सोय करताय आणि नवऱ्याला त्याच्याच मित्राकडे दोन दिवस शिकायला पाठवताय. त्यांनी कुरकुर केली तर उद्या सकाळी त्यांना ब्रुनोला फिरवायला पाठवा आणि तुम्ही बाल्कनीतून व्हिडिओ काढा. तसाही तो मित्राला दाखवायला लागणारच आहे.